ताप नसताना घ्यायच्या गोळ्या

४ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

आज दुपारी दुकान बंद ठेवून सूनबाईला दवाखान्यात नेलं. रांग मोठी होती. तिचं वजन केलं, पोट तपासलं, बोट टोचून रक्त घेतलं. बाळाची वाढ ठीक आहे म्हणाले. शेवटी तीन पांढऱ्या गोळ्या एकदम दिल्या आणि तिथेच, नर्सबाईंसमोर, गिळायला लावल्या. घरी आल्यावर ती झोपली. मी दुकान पुन्हा उघडलं नाही.

एवढंच कळवायचं होतं. पण एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, आणि माझंही झालेलं नाही. तुम्हाला पत्र लिहिणं हे आमच्याकडे त्याचं काम होतं. तो लिहायचा आणि मी खाली ‘माझाही नमस्कार’ एवढं टाकायचो. माझा मुलगा जाऊन आता तीन महिने होतील. फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्ही जाणताच. मागच्या वेळी आपण दोघं नुसतं ‘हॅलो, हॅलो’ करत राहिलो आणि शेवटी तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

मला त्या गोळ्यांचं कोडं उलगडत नाही. नर्सबाई म्हणाल्या, “या मलेरियाच्या.”

मी म्हटलं, “तिला ताप नाही.”

“म्हणूनच आज देतेय.”

“रक्तात काही निघालं का?”

“नाही निघालं. निघू नये म्हणून. दर महिन्याला यायचं, बाळंत होईपर्यंत. तीन गोळ्या माझ्यासमोर. आणि ही बारीक गोळी रक्तासाठी, रोज एक. दुसरी कुठली नाही.”

आमच्या कामात चष्म्याच्या काचेचा नंबर एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, अशी पद्धत आहे. उजवा उणे दीड. उजवा उणे दीड. तसं केलं की चुकीची काच घासली जात नाही. सवयीने मी म्हटलं, “दर महिन्याला, बाळंत होईपर्यंत. तीन समोर. बारीक रोज एक. दुसरी नाही.”

“पाठांतर चाललंय का, आजोबा?” नर्सबाई म्हणाल्या. बायका हसल्या. बाकावर पुरुष मी एकटाच होतो. त्यांनी आपलं वयाकडे बघून म्हटलं असेल, पण त्या शब्दानंतर त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

आमच्या या भागात हिवताप पाहुण्यासारखा येतो. दोन दिवस अंथरूण, तिसऱ्या दिवशी कामावर. मला किती वेळा आला याचा हिशेब नाही. पण आलेल्या तापाचं औषध माहीत आहे, न आलेल्या तापाचं नाही. तुम्ही तीन मुलांना जन्म दिलात. घरात दुसरी बाई नाही, आणि सासऱ्याने सुनेला विचाराव्यात अशा या गोष्टी नाहीत. तुमचं मत कळवा. नर्सबाईंनी हेही विचारलं, की लहानपणी कुठल्या गोळीने तिच्या अंगावर कधी पुरळ उठलं होतं का. ती म्हणाली, आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल.

जेवण कमी आहे. बोलणंही.

तुमचा व्याही


१३ मार्च

व्याहीबुवांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला एवढं लिहिता येतं हे कळायला माझा जावई जावा लागला, हे मनात आलं आणि लिहूनही टाकलं, रागावू नका. माझं तोंड हे असंच. शंभर पोरांच्या वसतिगृहाचा स्वयंपाक करायचा म्हणजे गोड बोलून भागत नाही.

पुरळाचं आधी सांगते, नाहीतर राहून जाईल. उठलं होतं. पण ते नव्या लोकरीच्या स्वेटरने, गोळीने नव्हे. चिमीला गोळी द्यायची वेळच मी कधी येऊ दिली नाही. तीन पोरं झाली मला, तीनही वेळा भाकरी थापता थापता कळा सुरू झाल्या, एक गोळी पोटात गेली नाही. इथे वरती थंडीने माणूस मरेल, डासाने नाही. डास म्हणजे काय हे चिमीने लग्न होऊन तुमच्याकडे आल्यावर पाहिलं. आणि आता ताप नाही तरी तापाचं औषध! घर जळेल म्हणून आजच पाणी ओतून बसायचं का? पोटुशी बाईच्या पोटात नको ते ढकलू नये, एवढं माझी आई सांगायची आणि मीही सांगते.

तिला पाहिजे आहे ते रक्त. ती लहानपणापासून पांढरीफटक. मी आमच्या शाळेच्या कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, दवाखान्यात देतात त्या बारीक गोळ्या म्हणजे हत्तीला तीळ. त्याने चांगल्या जोरदार गोळ्यांची बाटली दिली आहे, ती सोबत पाठवते. रोज एक, न चुकता. ही माझी आज्ञा समजा.

आता मुख्य गोष्ट. तिला इकडे पाठवा. पहिलं बाळंतपण आईकडेच बरं. डास नाहीत, की त्या गोळ्यांची भानगडही नाही. तुम्ही दुकानात बसणार, ती घरात एकटी भिंती बघत बसणार, यात कुणाचं भलं आहे? हे पत्र तिला वाचून दाखवा. सगळं.

तुमची विहीण


५ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

काल दवाखान्याची दुसरी फेरी झाली. वजन थोडं वाढलं आहे. तीन गोळ्या दिल्या. मागच्या वेळी तिथे सगळ्यांना मिळून एकच पेला होता, म्हणून मी घरून ग्लास नेला होता. शेजारची बाई म्हणाली, “माझा नवरा दाराशीसुद्धा येत नाही, आणि हिचा सासरा बघा, ग्लास सांभाळत बसलाय.” सूनबाई हसली. या घरात तिला हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. म्हणजे घरात नव्हे, दवाखान्यात.

या वेळी नर्सबाई दुसऱ्या होत्या. मी विचारलं, या गोळ्या घेतल्या नाहीत तर काय होतं? त्या म्हणाल्या, “काही बायकांना काहीच होत नाही.” मग म्हणाल्या, “काहींना होतं.” कुणाला होणार ते आधी कळतं का, असं विचारलं, तर म्हणाल्या, “कळत असतं तर सगळ्यांना कशाला दिल्या असत्या?” हे उत्तर मला रात्रीपर्यंत बरोबर वाटत होतं. सकाळी पुन्हा वाटेना. आमच्याकडे माणूस येतो, त्याला कमी दिसत असतं, म्हणून आम्ही काच देतो. चांगलं दिसणाऱ्याला कुणी चष्मा लावत नाही.

मग मी औषधाच्या दुकानातही विचारलं. तो म्हणाला, अहो, या गोळ्या जुन्या झाल्या, तापावर आता कुणी देत नाही. मग गरोदर बाईला का देतात? तर म्हणाला, ते दवाखान्यालाच विचारा. एक ना धड. तुम्ही म्हणता देऊ नका, नर्स म्हणते द्या, दुकानदार म्हणतो मला विचारू नका. माझा मुलगा असता तर त्याने कुठूनतरी वाचून काढलं असतं. त्याला छापील काहीही दिलं की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, औषधाच्या घडीच्या कागदासकट.

शेवटी मी असं ठरवलं, की दोघांचाही मान ठेवायचा. दवाखान्याच्या गोळ्या तिने दवाखान्यात घेतल्या. तुमची बाटली पोचल्यापासून तुमची गोळी ती रोज सकाळी घेते. दवाखान्याची बारीक गोळी बंद केली, कारण तुमची मोठी आहे. नर्सबाईंनी विचारलं, आणखी काही औषध चालू आहे का? सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही, आईने पाठवलेलं थोडं शक्तीचं आहे. आईने पाठवलेलं म्हटल्यावर त्या हसल्या आणि पुढच्या बाईला बोलावलं.

तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं.

रात्री ती मच्छरदाणीच्या जाळीत नीट झोपत नाही. म्हणते, जाळीत गुदमरायला होतं. झोपते, पण हात बाहेर काढून. मी सकाळी चहा ठेवताना पाहतो. काय सांगणार?

तुमचा व्याही


१४ एप्रिल

व्याहीबुवांना,

चिमीला इकडे पाठवण्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. पत्र वाचून दाखवलंत म्हणता. किती वाचलंत? ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुम्हाला नाही, म्हणूनच ते लगेच दिसतं.

मी तुमचं दुःख कमी लेखत नाही. तुमचा एकुलता एक गेला. पण माझी मुलगी जिवंत आहे. जावई गेला म्हणजे मुलगीही गेली असं समजून मी स्वस्थ बसायचं का? पोटातलं मूल तुमच्या मुलाचं आहे, मान्य. ज्या पोटात आहे ते पोट माझ्या मुलीचं आहे.

घाटात दरड पडली आहे. मोठ्या गाड्या बंद आहेत. टपाल लांबच्या वाटेने फिरून येतं. रस्ता कधी खुला होईल ते कुणी सांगत नाही. नाहीतर मी स्वतः येऊन तिला घेऊन गेले असते. खुला झाला की येईनच, आधी सांगून ठेवते.

गोळ्या नीट घेते ना?

विहीण


३ मे

विहीणबाईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. सूनबाई आता बरी आहे, हे आधी लिहितो. म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

गेल्या आठवड्यात ती सकाळी उठली नाही. मी दुकानात जाऊन परत आलो, तरी दार तसंच लोटलेलं. हाक मारली. ती म्हणाली, “बाबा, थंडी वाजतेय.” इथे या दिवसांत थंडी नसते. मला वाटलं, तिला घरची आठवण आली असेल. खरोखर असं वाटलं. मग हात लावून पाहिला. सुनेच्या कपाळाला हात लावायची माझी ती पहिलीच वेळ.

शेजाऱ्यांच्या गाडीतून मोठ्या इस्पितळात नेलं. मलेरिया निघाला. रक्तही फार कमी निघालं. चार दिवस ठेवून घेतलं. आता ताप नाही. बाळाचे ठोके आहेत. पण बाळ महिन्याच्या मानाने लहान आहे म्हणतात.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकवल्या का? मी म्हटलं, एकही नाही, दोन्ही वेळा नर्सबाईंसमोर घेतल्या, ग्लास माझ्या हातात होता. मग त्यांनी मला बसवून नीट सांगितलं. हा ताप गरोदर बाईच्या वारेत, नाळेच्या मुळाशी, दडून बसतो. बाहेरून काही दिसत नाही, कधी कधी अंगही तापत नाही. पण आईकडून बाळाला जे पोचायचं ते पोचत नाही, आणि आईचं रक्त कमी होत जातं. म्हणून पाचव्या महिन्याच्या सुमारापासून, ताप असो वा नसो, दर महिन्याला या गोळ्या. तिच्या बाबतीत आणखी एक आहे. ती वरच्या थंड भागातली. आमची शरीरं या तापाला ओळखतात, तिचं ओळखत नाही. मला आल्यावर मी तिसऱ्या दिवशी कामावर जातो, म्हणून तिलाही तसंच असेल असं मी धरून चाललो होतो.

मग गोळ्या घेऊनही ताप का आला, असं मी विचारलं. नेमकं कारण सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

तुमच्या गोळ्या सध्या बंद ठेवल्या आहेत. आणखी पाठवू नका. टपाल बेभरवशाचं आहे.

ती झोपली की मी कॉटशेजारी बसायचो. समोर एक घड्याळ होतं. न आलेल्या तापाचंही औषध असतं हे या वयात मला कळलं. मग नको ते विचार येतात. अपघाताच्या त्या सकाळी तो स्कूटर काढत होता तेव्हा त्याला बरं होतं, सगळं बरं होतं. त्या आधी काय द्यायचं असतं? कुणी दिलं असतं?

पुढच्या गोळ्या महिना उलटल्यावर. ती म्हणते, मी आता घेणार नाही, घेऊन काय झालं?

तुमचा व्याही


१५ मे

व्याहीबुवा,

टपाल बेभरवशाचं आहे म्हणून गोळ्या पाठवू नका, असं तुम्ही लिहिलंत. ते आलं टपालानेच की! तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कशाला जाता त्या वाटेला?

पत्र घेऊन मी तशीच पिठाच्या हातांनी कंपाउंडरकडे गेले. त्याला म्हटलं, वाच. त्याने वाचलं. ‘तीन गोळ्या, दर महिन्याला’ इथे आला आणि खुर्चीत बसला. म्हणाला, “मावशी, खाली त्या देतात हे मला कुठे ठाऊक होतं? आपल्याकडे नाही देत.” मी म्हटलं, कोड्यात बोलू नकोस. तर म्हणाला, ती जोरदार गोळी त्या तीन गोळ्यांचा जोर मारते. दवाखान्याची बारीक चालते, ही मोठी चालत नाही. त्याने पुस्तक काढून दाखवलं. मला कुठे कळतंय पुस्तकातलं? पण त्याचा चेहरा कळला.

तुम्हाला हे माहीत होतं ना? डॉक्टरांनी बाटली बघितली असेल. बघितलीच असेल. आणि तुम्ही मला लिहिलंत, कारण सांगता येत नाही.

माझा मान राखायला लपवलंत हे मला समजतं. पण अशा मानाचं मी काय करू? तुम्हीही काय केलंत बघा. नर्सने ‘दुसरी नाही’ सांगितलेलं तुम्ही मोठ्याने म्हणून घेतलंत, मला लिहूनही कळवलंत, आणि तरी विहिणीची गोळी परत पाठवायला तुम्हाला संकोच वाटला. मी आज्ञा केली आणि तुम्ही पाळली. व्याही-विहिणींनी एकमेकांचा मान ठेवला आणि पोरगी इस्पितळात गेली. मला हसावं का रडावं ते कळत नाही. चार दिवस मीठ विसरतेय. काल पोरांनी ताटं तशीच परत पाठवली.

आणखी एक. चिमीचं पत्र आलंय मला, इस्पितळातून लिहिलेलं. ती लिहिते, “बाबा तुझं पत्र वाचताना एका जागी थांबले, घसा साफ केला आणि सरळ सहीवर गेले. मी ते सकाळीच वाचलं होतं, ते दुकानात असताना. मीही काही बोलले नाही, कारण मला यायचं नव्हतं. इथे त्याच्याबद्दल मला कुणी काही विचारत नाही. तिकडे आले की सगळ्या जणी रडायला येतील.”

वाचून मला राग आला. मग मी विचार केला, कोण कोण येईल? पहिली मीच की!

सोबत तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे. बंद केलेली नाही, वाचलीत तरी चालेल. त्यात एवढंच आहे: चिमे, मी सांगितलं होतं ते खोटं होतं. माझं ऐकू नकोस. त्या तीन गोळ्या घे, आणि आईची एकही घेऊ नकोस. आई सांगते म्हणून घे.

आता यातलं तिने काय ऐकायचं, ते देवच जाणे.

विहीण


९ जून

विहीणबाईंना नमस्कार.

चिठ्ठी दिली. मी वाचली नाही. ती वाचून सूनबाई ओट्याशी गेली आणि भांडी घासायला लागली. ती आधीच घासलेली होती.

डॉक्टरांनी बाटली पाहिली होती. तुमचा तर्क खरा आहे. ते म्हणाले, जोर कमी झाला असेल, पण त्यानेच झालं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. हे दुसरं वाक्यही त्यांनी म्हटलं होतं. मी तुम्हाला तेवढंच कळवलं. अर्धं खरं लिहिलं. तुमच्या ओळीवरून मी सरळ सहीवर गेलो त्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही. तिने ती ओळ वाचलेली होती हे कळल्यावर तर आणखीच सुचत नाही. मला वाटत होतं, मी तिला थांबवून ठेवलंय. ती आपली आपण थांबली होती.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात गेलो, तर गोळ्या संपलेल्या. नर्सबाई म्हणाल्या, वरून आल्या नाहीत, पुढच्या आठवड्यात या. मी म्हटलं, “पण ती आज तयार आहे.” त्यांना ते समजलं नाही. सूनबाईला समजलं. ती बाहेर आल्यावर म्हणाली, “बाबा, मी पुढच्या आठवड्यातही येईन, तोंड असं करू नका.”

काल पुन्हा गेलो. गोळ्या आल्या होत्या. तिचा नंबर लागला तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही बाहेर थांबा. ग्लास माझ्याकडे द्या.” मी बाहेर थांबलो. आत काय झालं ते मला माहीत नाही. विचारायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. येताना ग्लास तिने पिशवीत ठेवला. घरी काढून पाहिला तर रिकामा होता. पिऊनही रिकामा होतो, ओतूनही.

तुम्हाला लिहिते का ती? लिहिलं असेल तर कळवा.

तुमचा व्याही


२० जून

व्याहीबुवा,

घेतल्या. तिने लिहिलंय. तुम्हाला बाहेर का काढलं तेही लिहिलंय. तुम्ही प्रत्येक गोळीबरोबर स्वतःच आवंढा गिळता म्हणे, आणि तिला हसू येतं. मग गोळी घशात अडकते.

घाट दोन दिवसांत खुला होतोय. मी रजा टाकली आहे. निघाले की निघाले.

विहीण


१९ सप्टेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

आज सकाळी तुम्हा तिघींना गाडीत बसवून दिलं. गाडी वेळेवर सुटली. परत येताना दुकानात थांबलो, दोन काचा घासल्या, एक गिऱ्हाईक येऊन गेलं. दुपारी घरी आलो आणि हे लिहायला बसलो. तुम्ही अजून अर्ध्या वाटेवरही नसाल. पत्र तुमच्यामागून येईल.

तुम्ही इथे आलात त्याला अडीच महिने होऊन गेले. एवढे दिवस एका छपराखाली राहून आपण पत्रात बोललो तेवढंही बोललो नाही. ‘चहा घेता का’ आणि ‘पाणी आलं का’, बस. तुम्ही एकदा म्हणालात, की कागदावरचे व्याही बरे होते, निदान उत्तर द्यायचे. म्हणून उत्तर देतो.

नात झाली त्या दिवशी तुम्ही आत होतात आणि मी बाहेरच्या बाकावर. तुम्ही येऊन म्हणालात, “मुलगी. सव्वादोन किलो. रडली.” एवढं थोडक्यात बोलताना मी तुम्हाला पहिल्यांदाच ऐकलं. मग मी काय म्हटलं ते मला आठवत नाही. तुम्ही नंतर सगळ्यांना सांगत होतात, की मी म्हटलं, “मुलगी. सव्वादोन किलो. रडली.” आणि नर्सबाई हसल्या. तसं असेल.

त्या दिवशी डॉक्टरांना मी विचारलं होतं. तुमच्यासमोर विचारलं नाही. ती वाचली ती गोळ्यांनी, की इस्पितळातल्या औषधाने, की ती तशीही वाचणारच होती? आणि ती लहान झाली ती त्या बाटलीमुळे, की जाळीबाहेरच्या हातामुळे, की माझ्यामुळे? ते म्हणाले, एका बाळावरून हे कधीच सांगता येत नाही. हजार बायकांना दिल्यावर कमी बाळं लहान जन्मतात, कमी आया आजारी पडतात, एवढं सांगता येतं. त्या हजारांत तुमची कुठे बसते, हे विचारू नका.

मी हजार वेळा विचारलं आहे. अजून कळलेलं नाही. फक्त एवढं झालं आहे, की पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मी म्हणेन, घ्या. का ते मला नीट सांगता येणार नाही. डॉक्टरांचं वाक्य मी परत म्हणून घेतलं, पण ते शब्दच पाठ झाले.

आता तुम्ही तिला वर नेलंत. डास नाहीत. बाळासाठी ते बरं आहे, डॉक्टरही तसंच म्हणाले, वर्षभर तरी. तिला घेऊन जा असं मीच सांगितलं, कारण तुम्ही विचारणार नव्हतात आणि ती म्हणणार नव्हती. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, शेवटी आलात ना वाटेवर? तुम्ही बॅग भरताना सारखं नाक पुसत होतात. सर्दी असेल.

ती परत येईल का, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. बाळाला खिडकीशी धरून म्हणाली, “आजोबांना टाटा कर.” बाळ दुसरीकडे बघत होतं. अजून त्याला कुठे बघायचं ते कळत नाही. नजर स्थिर व्हायला वेळ लागतो, एवढं मात्र मला कामामुळे ठाऊक आहे. बाळाच्या डोळ्यांत दोष दिसला नाही. मी उजेडात दोनदा पाहिले आहेत.

दुकानात माझा मुलगा बसायचा त्या बाकावर आता कुणाला तरी बसवावं लागेल. नंबर परत म्हणणारा कुणीतरी हवा. आज ते गिऱ्हाईक गेल्यावर काच घासताना मी नंबर वाचला. मग मीच परत म्हटला.

वर पोचल्यावर बाळाला लोकरीचं काही घालताना आधी मऊ कपडा घाला. तिच्या आईला पुरळ उठलं होतं, असं तुम्हीच लिहिलं होतं.

पत्र इथेच थांबवतो. टपालपेटी संध्याकाळी उघडतात, त्याआधी टाकायला हवं.

सकाळी तुम्ही जेवण झाकून ठेवून गेला होतात, ते तीन माणसांचं होतं. मी माझ्यापुरतं वाढून घेतलं, जेवलो. उरलेलं लहान भांड्यात काढलं. ताट घासलं, पुसलं आणि फळीवर उभं करून ठेवलं.

तुमचा व्याही